आयझमचा दोर आणि माझा खोकला

९ जुलै

नाही, माझ्या छातीला काहीही झालेलं नाही. डॉक्टरकडे जायचं नाही, आणि केझायानं आणलेली ती गुलाबी औषधाची बाटलीही उघडायची नाही. मी वर्षातून एका दिवशी खोकते आणि तेही मोजून तीनदा. दुखणेकरी माणूस असा मोजून खोकतो होय?

कुणी विचारलं नव्हतं म्हणा. पण वही उघडली आणि आधी हेच हातून उतरलं.

वही केझायानं दिली. केझाया म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पन्नाशीची आहे, शाळेत शिकवते, त्यामुळे दिसेल त्याला गृहपाठ देते. "आत्या, रोज काय घडलं ते लिहीत जा. प्रकरणात उपयोगी पडेल." म्हटलं, बाई गं, माझी शाळा सातवीत सुटली आणि मी कालवं फोडायला बसले. तर म्हणे, "लाल शाईनं तपासणार नाही, लिही."

तर प्रकरण असं आहे. आमची खाडीकाठची जमीन. झऱ्याच्या दगडापासून वर चढावर, दफनभूमीच्या पलीकडच्या कुंपणापर्यंत. पणजोबांचे वडील सॉलोमन यांनी गुलामी संपल्यावर चार वर्षांनी विकत घेतली, हार्लो घराण्याच्या विधवेकडून. त्याच हार्लोंच्या शेतात ते गुलाम म्हणून जन्मले होते. खरेदीखतात लिहिलंय, "झऱ्याच्या दगडापासून वर तीस दोर, आयझमच्या दोराने." झालं. फूट नाही, यार्ड नाही. आयझम म्हणजे आमचा मूळपुरुष, सॉलोमनच्याही आधीचा, पार इंग्रज राजाच्या अमलातला. दोर त्याचा. जुना झिजला की नवा दोर शेजारी ठेवून त्याच मापाचा वळायचा. आत्ताचा माझ्या वडिलांनी वळला, मधे एक निळा पदर घालून.

दर ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, परतीच्या रविवारी, झाडून सगळं गोत घरी येतं. मग दोर टाकत हद्द चालायची. पुढचं टोक माझ्या हातात, मागचं माझा चुलतभाऊ एनॉस धरतो. मी आकडा म्हणते, मागचे सगळे गातात. एनॉसला आकड्यातलं काही कळत नाही, तो आपला टोक धरून डुलत येतो.

आता शेजारचं हार्लोंचं शेत एका कंपनीनं घेतलंय. खाडीवर बंगले बांधणार. त्यांचा वकील लॅशली म्हणतो, तुमची हद्द जरा तपासू. जरा!

१२ जुलै

कचेरीत गेलो. एनॉसनं कोट घातला होता, जुलैच्या उन्हात. डीकन आहे ना, आमच्या ख्रिस्ती देवळातला कारभारी, कोटाशिवाय त्याला आवाज फुटत नाही.

लॅशली पोरगा गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याच्या बुटांकडे बघावं. चकचकीत, एक कण माती नाही. सरकारी मोजणीदार ग्रिग्ज मात्र बरा वाटला, त्याच्या बुटाला गुडघ्यापर्यंत चिखल.

लॅशली म्हणाला, "दोर आणलाय का?"

एनॉसनं खोक्यातून दोर काढला, बाळाला काढावं तसा. लॅशलीनं खिशातून टेप काढली. आमच्या घरात म्हण आहे, आयझमचा दोर मोजायचा नसतो, त्यानं मोजायचं असतं. आजवर कुणी त्याला टेप लावली नव्हती. मी म्हटलं, "नको." कुणी ऐकलं नाही.

"तीस फूट," लॅशली म्हणाला. "तीस दोर म्हणजे नऊशे फूट. तुम्ही तर नऊशे नव्वदपर्यंत वापरताय. वरचे नव्वद फूट आमचे."

वरचे नव्वद फूट म्हणजे अकरा कबरी. माझे आईवडील. माझा नवरा वेंडेल.

"आम्ही त्यांना अत्यंत सन्मानानं दुसरीकडे हलवू," लॅशली म्हणाला.

मी विचारलं, "तुमच्या आईला आत्तापर्यंत किती वेळा हलवलंत?"

ग्रिग्ज खाली बघून हसला. पण एनॉस उठला, छाती काढून. "दोर खोटं बोलत नाही! तुमची टेप खोटी! तीसदा दोर टाकला की आम्ही कुंपणाशी पोचतो. गेली कित्येक वर्षं सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलंय!"

ग्रिग्ज म्हणाला, "मग मलाही दाखवा. परतीच्या रविवारी येतो. तुम्ही टाका, मी मोजतो. कुंपणाशी तीसला पोचलात तर तसं लिहून देईन."

सगळे खूश. केझायानं एनॉसची पाठ थोपटली.

मी काही बोलले नाही. उष्मा होता.

१३ जुलै

खेकडे उकडले. बाकी काही नाही.

१७ जुलै

विनीबाई आल्या होत्या. विनिफ्रेड हार्लो, त्या घराण्यातल्या शेवटच्या. एक्क्याऐंशीच्या आहेत. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, पण मी सहा वर्षांची असल्यापासून त्या मला लुविनी म्हणतात आणि मी त्यांना बाई. कंपनीला शेत त्यांनीच विकलं. छप्पर गळत होतं, पायऱ्या कुजल्या होत्या, दुसरं करणार काय होत्या. तरी मी त्यांच्याशी चार महिने बोलले नव्हते.

मी ओसरीत बसून वाटाणे सोलत होते. त्या फाटकाशी उभ्या, उशीच्या अभ्र्यात काहीतरी बांधलेलं छातीशी धरून.

"आत येऊ का, लुविनी?"

"फाटकाला कुलूप दिसतंय का?"

आल्या. अभ्रा सोडला. आत चामड्याची जाडजूड वही. "आमच्या घराण्याची. आई म्हणाली होती, मी गेले की जाळून टाक. मी काही जाळली नाही. धूर फार होईल वाटलं."

"धुराचंच भ्या होय?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि वाटाण्यांतली एक शेंग उचलून सोलायला लागल्या.

मी चष्मा लावला. जुनं अक्षर, कोंबडीनं पाय आपटावेत तसं. विनीबाईंनी बोट ठेवलं तिथून वाचलं. साल सतराशे अडुसष्ट. हार्लो मालकानं आपल्या मुलीला, लेटिसला, लग्नात काय काय दिलं त्याची यादी. 'झऱ्याकडील जमीन, वर तीस माप, तेहतीस फुटी साखळीने, साखळीचे पुढचे टोक आयझमने धरिले. तपकिरी घोडी, नाव ज्युनो. आयझम. त्याची बायको डायडो व तिची पुढची वीण. पिसांचा बिछाना एक.'

जमीन मोजायला साखळी आयझमला धरायला लावली आणि मग जमिनीबरोबर आयझमही देऊन टाकला. घोडी आणि बिछान्याच्या मधोमध.

पुढची वीण म्हणजे मी. मी तिथे बसून वाटाणे सोलत होते.

विनीबाई म्हणाल्या, "लुविनी, मला काय बोलावं कळत नाही."

"मग नका बोलू. पान उलटा."

तीन वर्षांनंतरची नोंद. 'साखळी खाडीत पडून गेली. आयझमने साखळीबरहुकूम दोर आधीच करून ठेविला होता. मोजणीदाराने तपासला, तेहतीस फूट पुरा भरला. यापुढे तोच वापरावा.'

आधीच करून ठेवला होता. कुणी सांगितलं होतं त्याला? रिकामा वेळ असेल.

रिकामा वेळ! त्याला!

विनीबाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचा दोर तेहतीसचा हवा. तीस कसा भरला?"

मी म्हटलं, "आटला असेल." आणि त्यांना वाटाणे बांधून दिले. जास्तच दिले. त्यांनी वही माझ्याकडेच ठेवली.

१८ जुलै

दोर आटत नाही. हे पान नंतर फाडायचंय, म्हणून लिहिते.

एकोणऐंशी सालच्या एप्रिलमध्ये वेंडेल कालवं काढायला गेला आणि आला तो चादरीत. दुसऱ्या दिवशी देवळात न्यायचं. आमच्यात माणूस दारातून आत येईस्तोवर घंटा वाजत राहते, त्याच्या वयाइतकी. सकाळी बघितलं तर घंटेची दोरी कुजून मधेच तुटलेली. पुरुष माणसं मनोऱ्याखाली गोळा झालेली. एक म्हणतो गावातून आणू, दुसरा म्हणतो रविवार, दुकान बंद, तिसरा म्हणतो समिती बसवू. एनॉस त्या तिसऱ्यातला. पेटी रस्त्याला लागली होती. मला लांबून दिसत होती.

मी घरी गेले, खुंटीवरचा दोर काढला, चाकूनं दोन हात, म्हणजे तीन फूट, कापला. मनोऱ्यात चढून तुटलेल्या दोरीत तो तुकडा मधे बांधला. काळ्या कपड्यात, हो. घंटा त्रेचाळीस वेळा वाजली. दोर तर होता तो. दोर कशाला असतो?

ऑगस्ट आला. वडील वर्षाआधीच गेले होते, तेव्हा पुढचं टोक माझ्याकडे. मागचं एनॉसकडे. टाकत गेले, तीस म्हटलं, आणि समोर बघते तर कुंपण लांबच. वेंडेल पलीकडे. नवी माती, त्याचा चहाचा मग वर उपडा ठेवलेला, आमच्यात गेलेल्याची रोजची वस्तू कबरीवर ठेवतात तसा. वेंडेल हद्दीबाहेर.

तेव्हा मला पहिल्यांदा खोकला आला. धूळ होती. खोकत खोकत आणखी टाकत गेले, आकडा न म्हणता, कुंपण येईपर्यंत. तीन टाकावे लागले. त्या वर्षी सगळे म्हणाले, बिचारी. मग पुढच्या वर्षापासून शहाणपण केलं, दहाला एक, विसाला एक, तिसाला एक. दर दहाला एकदा खोकायचं आणि तो दोर मोजायचाच नाही. शेवट बरोबर कुंपणाशी. सातवी शिकलेल्या बाईनं काढलेला हिशोब आहे हा, कुणी हसू नये.

अडतीस वर्षं झाली. आणि आता तो ग्रिग्ज शेजारून चालणार, मोजत. त्याला तेहतीस दोर दिसणार, माझ्या तोंडून तीस ऐकू येणार. मग दोरही खोटा, मीही खोटी, आणि वेंडेलला अत्यंत सन्मानानं उचलणार.

२२ जुलै

केझायाला वही दाखवली, हार्लोंची. तिनं एनॉसला दाखवली. मला वाटलं होतं वही पाहून सगळे नाचतील. तेहतीस लिहिलंय, सरळ आहे.

कुठलं काय. एनॉसनं ते घोडी-बिछान्याचं पान वाचलं आणि वही अशी बंद केली की धूळ उडाली.

"या वहीवर हात ठेवून शपथ घेऊ आपण? या वहीवर?"

केझाया म्हणाली, "काका, पण आकडा आपल्या बाजूचा आहे."

"आकडा त्यांचा, शाई त्यांची, माणसं आपली. आयझमचा दोर आहे आपल्याकडे. तो म्हणतो तीस, तर तीस. वही म्हणते तेहतीस, तर वही खोटी. गोऱ्यांच्या वहीला खरं ठरवायला आयझमला खोटं पाडू?"

केझाया म्हणाली, "काकांचं पटतंय मला थोडं."

शिकलेल्या पोरीला पटलं! आपल्याच कबरी दुसऱ्याच्या घशात घालायच्या आणि त्याला अभिमान म्हणायचं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही या लोकांचा. त्या खोलीत एकच माणूस होतं ज्याला माहीत होतं की गोऱ्यांची वही खरी आणि आमचा दोर खोटा. तिनं काय केलं? मक्याच्या पावाला लोणी लावलं.

एनॉस म्हणाला, "वहीची गरजच नाही. लुविनी तीसला कुंपणाशी पोचवते की नाही? झालं तर मग." असं म्हणून माझ्याकडे बघत राहिला. लोण्याकडे बघत असेल.

२६ जुलै

आज मनोऱ्यात चढले. तुकडा अजून आहे का ते बघायला. एकोणऐंशीव्या वर्षी शिडी चढू नये असं म्हणणाऱ्यांनी आधी चढून बघावं. उतरणं वाईट, चढणं काही नाही.

आहे. काळा पडलाय, हात लागून गुळगुळीत झालाय, पण निळा पदर दिसतो. अडतीस वर्षांची लग्नं आणि मयतं त्यानं वाजवली. मी त्याला हात लावून उभी होते तेवढ्यात खालून आवाज.

"देवाला वर शोधतेस का दोरी चोरतेस?"

एनॉस. आणखी कोण.

"कबुतरं बघतेय."

"कबुतरं दहा वर्षांपूर्वी गेली. जाळी मी लावली."

"जाळी बघतेय."

"खाली ये म्हातारे, शिडी धरतो. पडलीस तर मला समिती बसवावी लागेल."

उतरले. त्यानं शिडी दोन्ही हातांनी धरली होती, डोळे माझ्या बुटांवर. मी जमिनीवर आल्यावर म्हणाला, "रविवारी छातीची काळजी घे. तीन वेळाच खोकायचंय तुला. ग्रिग्जला मी गाण्यात गुंतवतो. चांगला आवाज आहे म्हणे त्याला."

त्याला माझ्या छातीची एवढी का पडलीये देव जाणे. केझायानं सांगितलं असेल. ती तरी काय, काल हसत म्हणाली, "आत्या, मुलं आता हद्दीचा खेळ खेळतात, दहा म्हटलं की सगळी खोकतात. त्यांना वाटतं तसाच रिवाज आहे." तिच्या नातवंडांपर्यंत गेलंय म्हणजे.

मी ओरडले तिच्यावर. का ओरडले ते तिला कळलं नाही.

३० जुलै

झालं. लिहून टाकते.

प्रार्थना संपली आणि एनॉस ठराव घेऊन उभा राहिला. कोट, चष्मा, घसा साफ. 'आम्ही खाली सही करणारे असे जाहीर करतो की आयझमचा दोर पिढ्यान्‌पिढ्या होता तसाच आहे, त्यात एक धागाही कमी-जास्त नाही, आणि हार्लो घराण्याची वही आम्हाला मान्य नाही.' खाली सगळ्यांनी सही करायची, कचेरीत द्यायचा. ओळीनं उठायला लागले. केझाया पहिली. तिच्यामागे म्हाताऱ्या, पोरं, गायनवाले, एकेक नाव. खरी माणसं, स्वच्छ कपड्यांत, खोट्याखाली सही करायला निघालेली. माझ्या खोट्याखाली.

पेन माझ्या बाकापर्यंत आलं. मी उभी राहिले.

"बसा सगळे," म्हटलं. "दोर मी कापला."

पेन मी बाकावर ठेवलं.

"दोन हात. एकोणऐंशी साली. तुमची समिती बसायची होती आणि वेंडेलची पेटी फाटकाशी आली होती. तुकडा वर घंटेला आहे. तेव्हापासून मी दर दहाला एक दोर खोकल्यात घालवते. वही खरी आहे. आयझमही खरा आहे. त्याचा दोर तेहतीसच होता. खोटी मी आहे. आता काय ते बोला, मला घरी भाजी चुलीवर आहे."

मग मागून एक बारीकशी पोर विचारते, "म्हणजे आता खोकायचं नाही?" आणि कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं देऊळ. मला हसण्यासारखं काय होतं ते दिसलं नाही.

एनॉस हसत नव्हता. त्यानं ठराव घडी घालून खिशात ठेवला. जवळ आला.

"लुविनी, दुसरं टोक कुणाच्या हातात असतं?"

"तुझ्या."

"मग? अडतीस वर्षं मी काय मासे मोजत होतो? दर दहाला एक जादा दोर माझ्या हातातून जातो. मला कळत नाही?"

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं दोर पुरा आहे आणि जमीनच तिथवर नाही. वेंडेल बाहेर राहू नये म्हणून तू नव्वद फूट चोरतेस." चष्मा काढून पुसायला लागला. "म्हटलं, चोरू दे. मी गाणं जरा मोठ्यानं म्हणत गेलो."

"आणि कचेरीत एवढा ओरडलास तो?"

"तू गप्प होतीस. कुणीतरी ओरडायला नको?"

"गाढवा," मी म्हटलं.

"कापताना मला सांगितलं असतंस तर मी चाकू तरी धारदार दिला असता. टोकं बघ कशी कुरतडल्यासारखी असतील."

भाजी करपली.

२ ऑगस्ट

ग्रिग्जला देवळात बोलावलं, लॅशलीलाही. एनॉसनं समिती न बसवता तुकडा खाली आणला. त्याला हे जमतं हे मला आज कळलं.

विनीबाईही आल्या, त्यांची वही मी बरोबर घेतली होती. बायबलच्या मेजावर दोर ठेवला, तुकडा त्याच्या टोकाला लावला. माझा चाकू बोथटच होता, म्हणून धागे वाकडेतिकडे तुटलेले, एक लांब एक आखूड. पण बोथट असल्याचा फायदा झाला. इकडचा लांब तिकडच्या आखुडाला, तिकडचा लांब इकडच्याला, कुलूप किल्लीसारखं बसलं. निळ्याला निळा.

ग्रिग्जनं स्वतःची टेप लावली. मग पुन्हा लावली. "तेहतीस," म्हणाला. विनीबाईंच्या वहीतली ओळ वाचली, 'तेहतीस फूट पुरा भरला.' आणि टोपी काढली. कशाला काढली माहीत नाही, आत ऊन नव्हतं.

लॅशली म्हणाला, "या बाईंनी स्वतःच कबूल केलंय की अडतीस वर्षं फसवणूक..."

विनीबाई मधेच बोलल्या. त्या कधी मधे बोलत नाहीत. "तरुण माणसा, मिसेस गोल्सन यांनी अडतीस वर्षं हद्द बरोबर जागेवर ठेवली. कापलेल्या दोरानं. तुम्ही टेप घेऊन चुकलात."

मिसेस गोल्सन म्हणजे कोण ते मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, मीच.

ग्रिग्ज म्हणाला, रविवारी चालून दाखवा, कुंपणाशी तीस भरले की सही करतो. एनॉसनं तुकडा टोकाला टोक लावून मेणाच्या दोऱ्यानं बांधला, जाळं विणतात तसा, गाठ न मारता. गाठ मारली तर माप खाते. एवढं त्याला येतं.

६ ऑगस्ट

परतीचा रविवार. दोनशेवर माणूस. तळलेले मासे, रताळ्याचे गोड केक, कोबीची पानं, कुणाच्या तरी सुनेनं आणलेलं कोशिंबिरीसारखं काहीतरी, ते कुणी खाल्लं नाही.

विनी लांब झाडाखाली उभी होती, हातात टोपी, पाहुणी असल्यासारखी. "विनी, तिथं काय खांब झालीस? चल माझ्यामागून, पायाखाली मुळं आहेत, बघून," म्हटलं. आली.

झऱ्याच्या दगडावर दोर टेकवला. ग्रिग्ज डाव्या हाताला, वही-पेन्सिल घेऊन. मी एक म्हटलं. दोन म्हटलं. दोर जड लागला. दोन हात जास्त, तेवढ्यानं काय जड होणार. पण लागला.

दहा म्हटलं आणि मी खोकले नाही. तोंड घट्ट मिटून ठेवलं. आणि मागून दोनशे माणूस एकदम खोकलं. पोरं, म्हाताऱ्या, गायनवाले, केझाया, सगळे. ग्रिग्ज दचकला, पेन्सिल पडली. "हे मोजायचं का?" त्यानं विचारलं.

"नाही," एनॉस मागून ओरडला, "हे पूर्वी मोजत नव्हतो, आताही मोजत नाही!"

विसाला सगळे पुन्हा खोकले. या वेळी विनीही. तिला खोकला नीट येतसुद्धा नाही.

एकोणतीस म्हटलं तेव्हा कबरी लागल्या होत्या. आईची शिंपल्यांची किनार, वडिलांचं घड्याळ. वेंडेलचा मग. पलीकडे कुंपण. शेवटचा दोर टाकला. एनॉसनं मागून टोक दगडासारखं धरून ठेवलं, जरासुद्धा सैल नाही. टोक कुंपणाच्या खांबाला जाऊन टेकलं. बोटभरही इकडे नाही, बोटभरही तिकडे नाही.

"तीस," म्हटलं.

या वेळी कुणी खोकलं नाही. ग्रिग्जनं खांबावर कागद ठेवून सही केली, लांब उभ्या लॅशलीकडे बघून हात हलवला आणि सरळ माशांच्या टेबलाकडे गेला.

सगळे खाली जेवायला गेले. विनी म्हणाली, थांबू का, म्हटलं नको. एनॉस म्हणाला, घंटेला नवी दोरी आणायची तर समिती... म्हटलं चालता हो.

मी मागे राहिले. कबरीवरचा चहाचा मग उचलला, पुसला, परत तसाच ठेवला. वेंडेलशी थोडं बोलले.

काय बोलले ते लिहिणार नाही. केझायानं विचारलं तरी सांगणार नाही, आणि या वहीला तर मुळीच नाही.